एअर रायफलीचा दस्ता घरी बसवताना कोणती अवजारे वापरावीत?

प्रश्न (धरमपेठ, नागपूर): मुलीच्या ४.५ मिमी एअर रायफलीचा लाकडी दस्ता पॉलिशसाठी उतरवला होता. तो बसवायला घरातला पेचकस चालेल का?

उत्तर १: कृपया तो वापरू नये, कारण खाचेत सैल बसणारे टोक घसरले की स्क्रूची कड कुरतडली जाते (माझ्याकडच्या रायफलीवर ती खूण अजून आहे). मापाचे टोक व टॉर्क पाना (ठरवलेल्या जोरानेच स्क्रू आवळू देणारा पाना) घ्यावा, आवळण्याचा आकडा पुस्तिकेत पाहावा आणि दोन्ही स्क्रू आळीपाळीने, थोडेथोडे आवळावेत.

उत्तर २: हे एअर रायफलीपुरतेच ठेवावे, बंदुकीची निर्मिती किंवा व्यवसाय म्हणून दुरुस्ती शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ नुसार परवान्याशिवाय करता येत नाही.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. पेचकस परत ठेवला.