द्राक्षबागेत स्वतःचं हवामान केंद्र बसवावं का? अनुभवी मंडळींचा सल्ला हवा

कादवाकाठ:
नमस्कार मंडळी. निफाड तालुक्यात आमची साडेचार एकर द्राक्षबाग आहे, सगळी थॉमसन जातीची. गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, ५ ऑक्टोबरच्या आसपास धरायची आहे. त्याआधी एक निर्णय घ्यायचाय, म्हणून हा धागा.

गेल्या दोन महिन्यांत बांधावर तीन वेगवेगळ्या कंपन्यांची मुलं येऊन गेली. एकाकडे खांबावर बसवायचं केंद्र आहे, कोटेशन ४५,००० रुपये आणि दुसऱ्या वर्षापासून वर्गणी वेगळी. दुसरा म्हणतो यंत्र नकोच, उपग्रहावरून तुमच्या गटाचा (सर्व्हे नंबरचा) अंदाज देतो, एकरी पैसे भरा. तिसरा जमिनीतल्या ओलाव्याचे सेन्सर विकतो. पाच वर्षांपूर्वी आमच्या गावात हे विचारायला कुणी फिरकत नव्हतं. आता औषधाच्या दुकानात गेलं तरी काउंटरवर माहितीपत्रक पडलेलं असतं.

मागच्या हंगामाचं सांगतो. छाटणीपासून २८ वा दिवस, फुलोरा तोंडावर. मोबाईलवर ‘पाऊस नाही’ बघून सकाळी फवारणीचा ब्लोअर काढला. चार टाक्या मारून झाल्या आणि अकराच्या सुमारास सर आली, औषध धुऊन गेलं. सहा दिवसांत पाटाकडच्या खालच्या अंगाला पानामागे डाऊनी (केवडा) रोगाची पांढरी बुरशी दिसली. वरचा तुकडा मात्र स्वच्छ. एकाच बागेत, दोनशे पावलांच्या अंतरावर. वडील म्हणतात खाली दव उशिरापर्यंत राहतं, त्यांना ते अनवाणी चाललं की कळतं. मला तेवढं कळत नाही, म्हणून यंत्राकडे ओढा आहे. कोणतं घ्यावं? की फुकटच्या अ‍ॅपवर भागतं?

तासगावी मांडव:
घ्या. आमच्याकडे तिसरं वर्ष आहे. फवारण्या कमी झाल्या, पण त्या यंत्र बसवल्या दिवसापासून नाही. पहिलं वर्ष नुसतं बघण्यात गेलं. दुसऱ्या वर्षी आपल्या बागेत कोणत्या आकड्याला रोग येतो ते समजलं. पहिल्याच हंगामात पैसे वसूल होतील या हिशेबाने घेऊ नका.

पानावरची ओल:
भाऊ, मी द्राक्षसल्ल्याचं काम करतो. चार वर्षं अशी केंद्रं बसवून द्यायचो, आता विकत नाही, त्यामुळे मोकळेपणाने लिहितो.

तुमच्या प्रश्नात दोन गोष्टी एकमेकींत गुंतल्यात. पाऊस येणार का, ही एक. पान किती तास ओलं राहिलं, ही दुसरी. खांबावरचं केंद्र फक्त दुसरीचं उत्तर देतं. ते मोजतं, भविष्य सांगत नाही. तुमची ती अकराची सर ४५,००० च्या यंत्रालाही आधी कळली नसती, पडायला लागल्यावर कळली असती. बांधावर येणारी बरीच मुलं हा फरक सांगत नाहीत, आणि शेतकरी नेमका इथे फसतो.

अंदाज येतो तो मोठ्या संगणकावरच्या मॉडेलमधून. हवामान खात्याची भारत फोरकास्ट सिस्टीम मे २०२५ मध्ये सुरू झाली, पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेनं ती विकसित केली. ती नकाशाचे चौकोन पाडून प्रत्येकाचा एक अंदाज देते. हा चौकोन ६ किमीचा आहे, आधी तो १२ किमीचा होता. म्हणजे सुधारणा मोठी आहे. तरी ६ किमीच्या चौकोनात तुमची बाग, पाट आणि शेजारचं गाव सगळं मावतं. ‘तुमच्या गटाचा अंदाज’ म्हणून जो विकला जातो, तोही बहुतेक वेळा अशाच एखाद्या मॉडेलचा आकडा घेऊन त्यावर गणित करून काढलेला असतो. ते गणित चांगलंही असू शकतं, पण आधी पुरावा मागून खात्री करा. उपग्रहवाल्या मुलाला एवढंच म्हणा, की मागच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरचा रोजचा अंदाज आणि आमच्या महसूल मंडळात (काही गावांच्या गटात) पडलेला पाऊस शेजारी शेजारी मांडून दाखव. जो दाखवेल त्याच्याशी पुढचं बोला.

पावसासाठी फुकटचंच वापरा. खात्याच्या ‘मेघदूत’ अ‍ॅपवर जिल्ह्याचा कृषी सल्ला दर मंगळवारी आणि शुक्रवारी येतो. ऑक्टोबर २०२४ पासून ग्रामपंचायतीनिहाय पाच दिवसांचा अंदाज ‘मेरी पंचायत’ अ‍ॅपवर मिळतो. आणि ब्लोअर काढायच्या आधी खात्याच्या संकेतस्थळावर रडार आणि उपग्रहाचं चित्र बघायची सवय लावा. ढग कुठून कुठे सरकतायत हे पुढच्या दोन-तीन तासांसाठी कुठल्याही मजकुरापेक्षा जास्त सांगतं.

आता तुमचा खालचा तुकडा. डाऊनीच्या बीजाणूंना पानावर पाणी लागतं, त्या पाण्यातून ते पर्णरंध्रापर्यंत पोहतात. पान सुकलं की त्यांचा खेळ संपतो. भुरीचं, म्हणजे पानावर पांढरी पूड धरणाऱ्या रोगाचं, उलट आहे, तिला पानावर पाणी नको असतं, ढगाळ आणि उबदार हवा पुरते. म्हणून एकाच ‘आर्द्रता ८५ टक्के’ या आकड्यावर दोन्ही रोगांचे इशारे देणारं यंत्र असेल तर हात जोडा. लीफ वेटनेस सेन्सर, म्हणजे पानासारखी पट्टी, वेगळी आहे का ते विचारा. ती नसेल तर द्राक्षासाठी त्या खांबाचा निम्मा उपयोग गेला. वडिलांच्या तळपायाला जे कळतं, ते ही पट्टी तासांत मोजून देते.

मंडळ अधिकारी नाही:
एक इशारा. यंत्र विम्यासाठी घेत असाल तर थांबा. हवामान आधारित फळपीक विम्यात महसूल मंडळातल्या संदर्भ केंद्राचे आकडे धरतात, तुमच्या बागेतले नाही. राज्यात दोन हजारांहून जास्त केंद्रं ‘महावेध’ या हवामान केंद्रांच्या प्रकल्पाखाली आहेत. शासन आणि स्कायमेट ही खासगी हवामान कंपनी यांच्या भागीदारीत २०१७ पासून ती उभी राहिली. आपल्या मंडळाचं केंद्र नेमकं कुठे आहे, भोवती झाडं वाढलीत का, हे स्वतः जाऊन बघून या. आमच्याकडच्या केंद्राला शेजारच्या बाभळीची सावली पडत होती. गावाने लेखी अर्ज दिल्यावर ती छाटली गेली.

कातळावरची कलमं:
देवगडकडे हापूसवाले थ्रिप्स आणि तुडतुडे या किडींसाठी अजून यंत्राऐवजी मोहोर झटकूनच बघतात. वीज पडण्याच्या इशाऱ्यासाठी मात्र ‘दामिनी’ अ‍ॅप प्रत्येकाच्या फोनवर हवं, तेही आयआयटीएमचंच. शेतात माणसं कामाला असताना विशेष.

गटातली ताई:
दादा, एकट्याने घेऊ नका. आमच्या दिंडोरीतल्या शेतकरी कंपनीत लागून असलेल्या सात बागांनी मिळून एक पूर्ण केंद्र घेतलं. पाऊस, वारा, ऊन मोजायला ते एक पुरतं. पानावरची ओल मोजायचे सुटे सेन्सर मात्र तीन ठिकाणी लावले, कारण ती प्रत्येक वळणावर बदलते.

करार वाचताना आम्हाला सगळ्यात जास्त मनस्ताप झाला, म्हणून तेवढं सविस्तर लिहिते. पहिल्या कंपनीची (नाव देत नाही) वर्गणी एक महिना उशिरा भरली तर आमचेच मागच्या वर्षीचे आकडे अ‍ॅपमध्ये दिसेनात. शेत आमचं, खांब आमच्या पैशांचा आणि आकडे त्यांच्याकडे कुलपात! पुढच्या वेळी करारात लिहून घेतलं की सगळे आकडे कधीही एक्सेलमध्ये उतरवता येतील, वर्गणी संपली तरी. सेन्सर बिघडला तर किती दिवसांत माणूस येणार हेही लिहून घ्या. गोडी छाटणीनंतरच्या दीड महिन्यात केंद्र दहा दिवस बंद असेल तर वर्षाचे पैसे वाया. आणि त्यांचं सिमकार्ड कोणत्या कंपनीचं आहे ते आधी विचारा, आमच्या शिवारात एकाचंच नेटवर्क येतं.

कादवाकाठ:
मनापासून आभार. ताई, तुमचा मुद्दा पटला. आमच्याही पाटाला लागून आठ बागा आहेत, आज संध्याकाळी बोलतो. ‘पानावरची ओल’, एक विचारायचं राहिलं. पट्टी नेमकी कुठे लावायची? तिघांनीही खांबावरच लावू असं सांगितलं. आणि यंत्र बरोबर मोजतंय हे ओळखायचं कसं?

पानावरची ओल:
खांबावर नको. खांब मोकळ्यावर असतो, वारा लागतो, पट्टी लवकर सुकते आणि यंत्र म्हणतं बाग कोरडी. ती कॅनॉपीत, म्हणजे वेलाच्या पानांच्या दाटीत, घडांच्या उंचीला, पानांसारखीच तिरकी लावा. तुमच्या बाबतीत पाटाकडच्या तुकड्यात, जिथे बुरशी आधी दिसली तिथेच. पुढे कधी प्लॅस्टिकचं आच्छादन केलंत तर आतली ओल वेगळी असते, तेव्हा आतही एक लागेल. फवारणीचा थर तिच्यावर बसतो, दर आठवड्याला साध्या ओल्या फडक्याने पुसा.

पर्जन्यमापक घरी तपासता येतो. सलाईनची रिकामी बाटली आणि नळी घ्या. मापाच्या तोंडाचा व्यास १६ सेंमी असेल तर क्षेत्रफळ साधारण २०० चौ. सेंमी होतं, म्हणजे १०० मिली पाणी बरोबर ५ मिमी पावसाएवढं. ते नळीतून थेंब थेंब सोडा, अर्धा तास तरी लागू द्या. मापाच्या आत एक छोटी बादली असते, ती भरली की पलटते आणि यंत्र पलट्या मोजतं. भसकन ओतलं तर ती कमी वेळा पलटते. एका पलटीला ०.२ मिमी धरलं तर २५ च्या आसपास पलट्या यायला हव्यात. १८-२० च आल्या तर जाळी काढून आत बघा. मला बहुतेक वेळा वाळकं पान नाहीतर कोळ्याचं जाळं सापडलंय. विकणाऱ्यासमोर ही चाचणी करा आणि मगच शेवटचा हप्ता द्या.

मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राचा सल्लाही वाचत जा. त्यात विभागवार हवामान आणि रोगाचा धोका दिलेला असतो. आकडे तुमच्या यंत्राचे, फवारणीचं औषध आणि काढणीपूर्व कालावधी (शेवटची फवारणी ते काढणी यातले दिवस) त्यांचा, असं जुळवलंत तर निर्यातीच्या मालात औषधाच्या अंशाची भीती कमी राहील.

कादवाकाठ:
आठपैकी पाच जण तयार झाले. दोघांनी आणखी एक हंगाम बघू म्हटलं, एकाची बाग यंदा खुंटावर आहे, अजून कलम व्हायचंय. ओलाव्याचे सेन्सर सध्या नाही, ठिबकचं वेळापत्रक हातानेच चालू ठेवतो. वडिलांना खालच्या तुकड्यात नेऊन पट्टीची जागा त्यांच्याकडूनच ठरवून घेतली, चौथ्या ओळीतला सहावा वेल. केंद्रवाल्या मुलाला रविवारी बोलावलंय. सलाईनची नळी गावातल्या दवाखान्यातून आणून ठेवलीय.