फेडरलिस्ट म्हणजे नक्की कोण? शब्दार्थांच्या यादीवरून

आठवीतल्या मुलीची आई, न्यू जर्सी
काल इथे अमेरिकेच्या सुरुवातीच्या इतिहासाची शब्दार्थांची यादी आली. त्यात ‘फेडरलिस्ट म्हणजे राज्यांच्या अधिकारांचे कैवारी’ असं लिहिलंय. साफ उलटं! अमेरिकन राज्यांच्या १७८१ च्या जुन्या करारात काँग्रेसला, म्हणजे तिथल्या संसदेला, कर लावता येत नव्हता, दुरुस्तीला तेराही राज्यांचा होकार लागायचा. मॅसॅच्युसेट्समध्ये कर्जबाजारी शेतकरी उठले तेव्हा केंद्राकडे ना पैसा ना फौज. म्हणून हॅमिल्टन-मॅडिसन हे फेडरलिस्ट नेते नव्या घटनेसाठी, मजबूत केंद्रासाठी झगडले. अशीच एक यादी पाठ करून माझ्या मुलीने गुण घालवले, रात्रभर रडली ती.

यादीवाला
यादी माझीच. आपल्याकडे संघराज्य म्हटलं की राज्यांचे हक्कच आठवतात. मुलांना सोपं करून सांगायला नको?

निवृत्त मास्तर
सोपं करा, उलटं करू नका. आणि ‘तीन-पंचमांश तडजोड’ म्हणजे ‘गुलाम हा तीन-पंचमांश माणूस’? पाच गुलाम म्हणजे तीन माणसं धरायची, ही मोजणी संसदेच्या प्रतिनिधिगृहातल्या राज्यांच्या जागांसाठी आणि करवाटपासाठी होती. जागा वाढाव्यात म्हणून गुलाम पूर्ण मोजा, हा आग्रह गुलाम बाळगणाऱ्या दक्षिणेकडच्या राज्यांचा होता. मत मात्र एकाही गुलामाला नाही.

आई
मला तर ‘तडजोड’ शब्दच सहन होत नाही. ज्यांची मोजणी झाली त्यांना कुणी विचारलं? घटनेत ‘गुलाम’ हा शब्दसुद्धा लिहिला नाही, ‘इतर सर्व व्यक्ती’ म्हणून मोकळे झाले!

मास्तर
बाई, तडजोड झाली ती उत्तर-दक्षिणेच्या प्रतिनिधींत. शब्द काढलात तर कुणी कुणाशी काय सौदा केला हेच पोरांना कळणार नाही. तीस वर्षं शिकवलंय मी.

आई
तीस वर्षं शिकवलंत म्हणून शब्द बरोबर ठरत नाही. आत्ता तुम्हीच ‘सौदा’ म्हणालात, तोच लिहा.

मास्तर
खुलाशात ‘सौदा’ चालेल. मथळा बदलणार नाही, परीक्षेत ‘तडजोड’च येते.

यादीवाला
फेडरलिस्टची ओळ बदलली. फेडरलिस्टांच्या विरोधकांत पॅट्रिक हेन्री आणि जॉर्ज मेसन घातले, हक्कांची सनद नाही म्हणून मेसनने नव्या घटनेवर सही नाकारली तेही. चूक होती, मान्य. पण एवढं तोडून बोलायची गरज नव्हती. ‘प्रजासत्ताक म्हणजे लोकशाही’ तसंच ठेवतोय.

आई
ठेवू नका! मॅडिसनने १७८७ मध्ये ‘फेडरलिस्ट’ लेखमालेतल्या दहाव्या लेखात हाच फरक मांडलाय. लोक स्वतः जमून कारभार करतात ती निव्वळ लोकशाही, प्रतिनिधी निवडून देतात ते प्रजासत्ताक. पुढची चाचणी यावरच आहे.