मदत हवी आहे: कॅरॅमल सॉस आइस्क्रीमवर पडला की दगड होतो

रविवारी लेकीचा दहावा वाढदिवस. पंधरा मुलं. तिला केक नकोय, आइस्क्रीम संडे हवाय, वरचं सगळं ज्याने त्याने आपापलं घ्यायचं. सॉस घरीच करेन असं मी उत्साहात बोलून बसले आणि आता निस्तरतेय.

कॅरॅमल दोनदा केला. पाऊण वाटी साखर, थोडं पाणी, तांबूस झाल्यावर लोणी आणि पाकिटातलं क्रीम. पहिल्यांदा मी ढवळत राहिले तर पाकाची परत साखर झाली. दुसऱ्यांदा छान जमला, गरम असताना मधासारखा ओघळत होता. आइस्क्रीमवर घातला आणि टॉफी! सासऱ्यांची कवळी त्यात अडकली. (ते हसले, मी नाही.)

चॉकलेटची तऱ्हा वेगळीच. स्लॅब वितळवून दोन चमचे दूध घातलं तर रवाळ गोळा झाला. काजूची चिक्की कुटून ठेवली होती, तीही सकाळी चिकट. आम्ही चिपळूणला, पाऊस थांबत नाहीये.

काय चुकतंय?

प्रतिसाद १
तुमचा पाक पुढे गेलाय, पाणी जास्त आटलं. गरम पाक पातळच दिसतो, त्यावर जाऊ नका. एक ताटली फ्रीजरमध्ये ठेवा, तिच्यावर थेंब टाका आणि दोन मिनिटांनी बोटाने ढकला. सरकला पाहिजे. आहे तो सॉस टाकू नका, मंद आचेवर चमचा-चमचा कोमट क्रीम घालत सैल करा. क्रीम गार नको, उफाळून हातावर येतं.
पुढच्या वेळी साखर विरघळली की चमचा बाजूला ठेवा, पातेलंच गोल फिरवा. सुरुवातीला लिंबाचे चार थेंब घातले की पाकाची साखर होत नाही.

प्रतिसाद २
चॉकलेटला दोन चमचे दूध म्हणजे धड ना कोरडं, धड ना ओलं. आणखी गरम दूध ओतून घोटा, गोळा सुटेल. मी तर स्लॅबच्या फंदात पडत नाही. अर्धी वाटी कोको, पाऊण वाटी साखर, वाटीभर पाणी, चिमूट मीठ, तीन-चार मिनिटं उकळायचं. आइस्क्रीमवर घट्ट होतो, पण कडक नाही.
चिक्की शनिवारी रात्री करा, गार झाल्या झाल्या घट्ट झाकणाच्या डब्यात. कुटायची मुलं आल्यावर. आइस्क्रीमचे गोळे सकाळीच बटर पेपरवर काढून, झाकून फ्रीजरमध्ये ठेवा, नाहीतर पंधराव्या मुलापर्यंत पहिल्याचं सूप होईल.

धागाकर्ती
कॅरॅमलला तीन चमचे क्रीम लागलं, ताटलीवर मस्त सरकतोय! कवळीवाल्यांनीही पास केला. आता एकच धास्ती, रविवारी वीज गेली तर?

प्रतिसाद १
ताई, फ्रीजर उघडूच नका. तरी वितळलंच तर दुधात घुसळा आणि मस्तानी म्हणून खपवा.