‘आधारची झेरॉक्स दिली म्हणून आभाळ कोसळत नाही’

पेठेतला_म्हातारा: कालच्या धाग्यात एकांनी वरचं वाक्य टाकलं, पुढे ‘आपल्याकडे लपवायला आहे काय?’ अहो, माझ्यावर कोसळलंय. दिवाळीत वसुलीवाल्याचा फोन : अठरा हजार थकलेत. मी ॲपवरून चहाचंही कर्ज काढलेलं नाही. सिबिलवरची कर्जांची नोंद बघितली, माझ्या पॅनवर खरंच कर्ज. संचार साथी या सरकारी पोर्टलवर माझ्या नावाची दोन अनोळखी सिमं. चार महिने हेलपाटे. तक्रारीसोबत काय मागितलं? आधारची झेरॉक्स, दोन प्रती! आता प्रतीवर आडवी रेघ मारून ‘फक्त भाडेकरारासाठी’ लिहितो, तारीख घालतो. शक्य तिथे मास्क्ड आधार देतो, त्यात शेवटचे ४ आकडेच दिसतात.

कोथरूडकर: ते ‘एकजण’ मीच. मास्क्ड आधार लॉजवर दाखवून बघा, ‘पूर्ण नंबरचं आणा’ म्हणतात. मे २०२२ मध्ये आधारवाल्यांनीच झेरॉक्स देऊ नका म्हणून पत्रक काढलं आणि दोन दिवसांत मागे घेतलं. त्यांचंच ठरत नाही, मी काय डोंबल पाळू?

भाड्याने_राहतो: झेरॉक्सचं सोडा. आमच्या सोसायटीत भाडेकरूंच्या आधारची फाइल वॉचमनच्या खुर्चीखाली असते. जुलैत छत गळलं तेव्हा त्याने ती डोक्यावर धरली होती. मालकांचे कागद मात्र कपाटात, कुलपात.

सेक्रेटरी_वारजे: पोलीस पडताळणीची पोचपावती तीनदा मागावी लागते, ते नाही लिहिलंत? उद्या काही झालं तर आम्हालाच चौकीत बोलावतात. त्यात बॅचलर मुलं...

भाड्याने_राहतो: आलं! बॅचलर म्हणजे गुन्हेगार का? डिपॉझिट घेताना नाही आठवत?

सेक्रेटरी_वारजे: रात्री एकला गच्चीवर गाणी कोण लावतं, ते पण लिहा की.

भाड्याने_राहतो: गणपतीत तुमचा डीजे चालतो, तो काय अभंग म्हणतो?

पेठेतला_म्हातारा: विषय आधारचा होता. निदान बायोमेट्रिक लॉक करा. ठशांवर खात्यातून पैसे काढलेल्यांना ओटीपीसुद्धा आला नव्हता. पैसे गेलेच तर लगेच सायबर हेल्पलाइनला, १९३० वर फोन.

कोथरूडकर: लॉक केलं की रेशनला अंगठा लागत नाही, परत उघडा. बरं, तुमच्या समाधानासाठी संचार साथी उघडलं. तीन नंबर दिसतायत. दोन माझे. तिसरा बायकोचा असणार.

पेठेतला_म्हातारा: शेवटचे आकडे जुळवा.

कोथरूडकर: जुळत नाहीत. मुलाचाही नाही.

पेठेतला_म्हातारा: ‘माझा नंबर नाही’वर खूण करा.

कोथरूडकर: करतोय. पण लॉजवाल्याबद्दल मी म्हटलं ते बरोबरच आहे.