जुना डेल लॅपटॉप, ४ जीबी रॅम: विंडोज १० च्या जागी काय टाकावं?

ओटीवरचा_मॉडेम:
घरी डेल इन्स्पिरॉन १५ (३५२१) आहे. इंटेल आय३-३२१७यू, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची जुनी फिरती हार्ड डिस्क. विंडोज १० सुरू झाल्यावरही बराच वेळ डिस्कचा वापर १०० टक्क्यांवर चिकटलेला असतो. १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचा नेहमीचा सपोर्ट संपला आणि विंडोज ११ च्या यादीत हा प्रोसेसर नाही. आईबाबांना यूट्यूब, बँक, मेल, थोडं मराठी टायपिंग आणि प्रिंट एवढंच लागतं. प्रिंटर कॅनन एलबीपी २९००. बाबांच्या जुन्या वर्ड फाइली श्रीलिपीच्या फॉन्टमध्ये आहेत. लिनक्स मिंट (विंडोजच्या जागी चालणारी मोफत सिस्टिम) चालेल, की त्याहून हलकं काही घ्यावं?

पेनड्राइव्ह_पुराण:
सिस्टिम कोणती हे नंतर बघू. आधी डिस्क बदला. मिनिटाला ५४०० फेऱ्यांच्या हार्ड डिस्कवर कुठलंही लिनक्स टाकलंत तरी ब्राउझर उघडायला रखडणारच. साधा अडीच इंची एसएसडी (फिरता भाग नसलेली वेगवान डिस्क) घ्या, साटा जोडणीचा, २४० किंवा २५६ जीबीचा पुरे. महागडा घेऊन उपयोग नाही, कारण साटाच्या वेगापुढे तो जाऊच शकत नाही. एम-डॉट-टू प्रकारचा चुकून आणू नका, या लॅपटॉपात त्याची जागाच नाही. एसएसडी ७ मिमी जाड असतो आणि जुनी डिस्क बहुधा साडेनऊ. म्हणून जुन्या डिस्कची पत्र्याची चौकट आणि तिचे स्क्रू जपून ठेवा, एसएसडी त्याच चौकटीत बसवायचा आहे.

रॅम दुसरी पायरी. ४ जीबीची एकच पट्टी असेल तर शेजारी आणखी ४ जीबीची लावा. विकत घेताना डीडीआर३एल, म्हणजे १.३५ व्होल्टची मागा. ती १.५ व्होल्टच्या जागेतही चालते. उलटं मात्र नेहमी जमत नाही: चौथ्या पिढीच्या 'यू' प्रोसेसरवाल्या लॅपटॉपात नुसती डीडीआर३ लावली की पडदा काळाच राहतो, आणि मग मदरबोर्ड गेला म्हणून घाबरगुंडी.

या प्रोसेसरला मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती ठीक आहे. मिंट २२ ला एप्रिल २०२९ पर्यंत अपडेट मिळतील. सिनॅमन ही त्याची जड आवृत्ती ८ जीबीवर चालेल, ४ वर नको. याहून हलकं, उदाहरणार्थ अँटीएक्स, १-२ जीबीच्या यंत्रांसाठी ठेवा. तुमच्याकडे रॅम खाणार आहे तो ब्राउझर, आणि तो सगळीकडे सारखाच भूक लागलेला असतो.

टाकण्याचा क्रम:

१. मिंटची आयएसओ (इन्स्टॉलची फाइल) साधारण ३ जीबीची आहे. उतरवल्यावर शा-२५६ बेरीज (फाइल पूर्ण उतरली का ते सांगणारा आकडा) जुळवून बघा. अर्धवट उतरलेली फाइल इन्स्टॉलच्या मध्येच दगा देते आणि दोष बिचाऱ्या पेनड्राइव्हवर येतो.

२. ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर रुफस किंवा एचर वापरून ती चढवा. पेनड्राइव्ह पूर्ण पुसला जातो.

३. विंडोज बंद करताना शिफ्ट दाबून धरा आणि मग शटडाउन करा. 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल तर विंडोज अर्धवट झोपलेलं राहतं. मग त्या डिस्कवरच्या फाइली लिनक्समध्ये नुसत्या वाचता येतात, कधी कधी डिस्क उघडतच नाही.

४. बॅटरी काढा, खालचं झाकण उघडा, जुनी डिस्क बाहेर, एसएसडी आत. जुनी डिस्क बाहेरच असल्यामुळे 'सगळी डिस्क पुसा' हा पर्याय निर्धास्तपणे निवडता येतो. नंतर तीच डिस्क यूएसबी केसमध्ये घालून फाइली उतरवून घ्या.

५. सुरू करताना एफ१२. पेनड्राइव्ह यादीत दोनदा दिसू शकतो, एकदा लेगसीखाली (सुरू होण्याची जुनी पद्धत), एकदा यूईएफआयखाली (नवी पद्धत). यूईएफआयचा निवडा. इन्स्टॉलरला एसएसडी दिसत नसेल तर सुरू करताना एफ२ दाबून बायॉसमध्ये (लॅपटॉपच्या मूळ सेटिंगमध्ये) साटा मोड एएचसीआय आहे ना ते बघा.

इन्स्टॉलचं बटण दाबण्याआधी पेनड्राइव्हवरूनच वायफाय, आवाज, पडद्याचा उजेड आणि झाकण मिटून पुन्हा उघडणं तपासा.

रॅम ४ जीबीच ठेवणार असाल तर झेडरॅम-टूल्स टाका. सेटिंगमध्ये टक्केवारी ५० आणि अल्गोरिदम झेडएसटीडी. रॅमचाच एक भाग दाबून वापरला जातो, एसएसडीवरची स्वॅप फाइल (रॅम भरल्यावर वापरायची जागा) मग क्वचितच लागते.

क्लाउडवाले_काका:
यूट्यूब, मेल आणि बँकच असेल तर क्रोम-ओएस फ्लेक्स, गूगलची ब्राउझरभोवतीची सिस्टिम, का नाही? ४ जीबी रॅम आणि १६ जीबी जागा पुरते, अपडेट आपोआप होतात, आईबाबांना शिकवायला काही उरत नाही.

पेनड्राइव्ह_पुराण:
काका, नुसत्या ब्राउझरसाठी मीही तेच सुचवलं असतं. पण फ्लेक्सवर प्ले स्टोअर येत नाही, म्हणजे अँड्रॉइड अॅप नाहीत. श्रीलिपीचा फॉन्ट घालून जुन्या फाइली उघडणं तिथे जमणार नाही, आणि त्या प्रिंटरचं तर नावच काढू नका.

टंकनिका:
प्रिंटर आणि मराठीबद्दल. कॅनन एलबीपी २९०० ही खरी अडचण आहे. हा प्रिंटर पोस्टस्क्रिप्ट किंवा पीसीएल या प्रिंटरांच्या नेहमीच्या भाषा समजत नाही, त्याची कॅप्ट नावाची वेगळीच भाषा आहे. कॅननचा लिनक्ससाठीचा ड्रायव्हर जुना आहे, त्याला ३२ बिटी लायब्ररी लागतात आणि मागे चालणारी सेवा मध्येच गप्प होते. कॅप्टड्रायव्हर हा मुक्त ड्रायव्हर २९०० ला चालतो, पण तो स्वतः कंपाइल करावा, म्हणजे मूळ कोडपासून बांधावा लागतो. घरात दुसरा विंडोज संगणक असेल तर प्रिंटर त्याला जोडा आणि इथून पीडीएफ पाठवा, डोकेदुखी कमी. पुढेमागे नवा घेतलात तर एप्सनच्या एल मालिकेतल्या शाईटाकीवाल्यांना एस्क-पी-आर ड्रायव्हर पुरतो आणि तो मिंटच्या भांडारात आहे. एचपी लेझरजेट १०२० दिसायला सोपा, पण दर वेळी चालू केल्यावर त्याला फर्मवेअर पाठवावं लागतं. त्यासाठी एचपी-लिपचं (एचपीच्या लिनक्स ड्रायव्हरचं) प्लगइन घालायचं राहिलं तर तो नुसता दिवे लुकलुकवतो.

श्रीलिपीचे फॉन्ट जुने, युनिकोडच्या (आजच्या सर्वत्र चालणाऱ्या अक्षरपद्धतीच्या) आधीच्या पद्धतीचे असतात. फाइलीत खरी अक्षरं इंग्रजीची असतात, फॉन्ट त्यांना देवनागरी मुखवटा चढवतो. विंडोज अजून चालू आहे तोवर फॉन्ट फोल्डरमधल्या त्या टीटीएफ फाइली उचलून ठेवा आणि मिंटमध्ये बसवा. लिबरऑफिसमध्ये मजकूर दिसेल, ओळी मात्र थोड्या सरकतील. वर्डच्या फाइलीवर इंग्रजी ऑटोकरेक्ट चालू ठेवू नका, ते वाक्याचं पहिलं अक्षर मोठं करतं आणि मराठीत भलतंच चिन्ह उमटतं. ज्या फाइलींत पुढे बदल करायचे आहेत त्या युनिकोडमध्ये बदलून घ्या, तेही विंडोजची डिस्क काढण्याआधी.

नव्या टायपिंगसाठी कीबोर्डच्या यादीत मराठी इनस्क्रिप्ट तयारच असतो. रोमन अक्षरांतून लिहायची सवय असेल तर आयबस-एम१७एन टाका. लिबरऑफिसमध्ये सीटीएल (देवनागरीसारख्या लिप्यांची) भाषा मराठी करा, काही फॉन्टांत 'ल' आणि 'श' त्याशिवाय मराठी वळणाचे येत नाहीत.

ओटीवरचा_मॉडेम:
एसएसडी लावला, पेनड्राइव्हवरून मिंट सुरू झालं. वायफायची यादीच येत नाही. आणि यूट्यूब १०८० वर अडखळतंय, पंखा जोरात.

पेनड्राइव्ह_पुराण:
कार्ड डेल वायरलेस १७०४ असेल. आत ब्रॉडकॉमची बीसीएम४३१४२ चिप असते, तिचा ड्रायव्हर कर्नलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात) येत नाही. अँड्रॉइड फोन केबलने जोडा, फोनवर यूएसबी टेदरिंग चालू करा, मिंटला लगेच नेट मिळेल. आधी इन्स्टॉल उरका, मग ड्रायव्हर मॅनेजरमधून ब्रॉडकॉमचा पर्याय निवडा आणि पुन्हा सुरू करा. सिक्युअर बूट (सही नसलेले ड्रायव्हर अडवणारी सुरक्षा) चालू असेल तर ड्रायव्हर टाकूनही लोड होत नाही. एफ२ मध्ये ते बंद करा.

हा ड्रायव्हर प्रत्येक नव्या कर्नलसाठी नव्याने बांधला जातो आणि कधी कधी ते फसतं. अपडेटनंतर वायफाय गेलं तर सुरुवातीच्या मेनूत जुना कर्नल निवडा. कायमचा उपाय हवा असेल तर इंटेल ७२६० चं हाफ-मिनी कार्ड लावा, दोन अँटेना वायरी नीट दाबून बसवा. एचपी आणि लेनोव्होच्या त्या काळातल्या बऱ्याच लॅपटॉपांत बायॉस परकं कार्ड नाकारतं, त्यामुळे हा उपाय डोळे झाकून इतरांना सांगू नका.

यूट्यूबचं कारण वेगळं. तुमचं एचडी ४००० ग्राफिक्स एच-२६४ (व्हिडिओ दाबून ठेवण्याची एक पद्धत) स्वतः उलगडतं, पण यूट्यूब व्हीपी९ किंवा एव्ही१ पाठवतं आणि सगळा भार प्रोसेसरवर पडतो. फायरफॉक्सला एच२६४-इफाय हे एक्स्टेन्शन लावा, म्हणजे यूट्यूब एच-२६४ च पाठवेल, आणि आय९६५-व्हीए-ड्रायव्हर टाकलाय का बघा. इंटेलचा नवा मीडिया ड्रायव्हर पाचव्या पिढीपासून पुढे चालतो, तो इथे कामाचा नाही. १०८० च्या वरची चित्रं एच-२६४ मध्ये मिळत नाहीत, पण या पडद्याला ७२० सुद्धा भरपूर आहे.

टंकनिका:
बँकेची साइट 'सर्टिफिकेट चुकीचं' म्हणाली तर आधी घड्याळ बघा. इतक्या जुन्या लॅपटॉपात बायॉसची सीआर२०३२ बॅटरी संपलेली असते, तारीख मागे जाते आणि ब्राउझर साइटवर संशय घेतो.