घरच्या गोठ्यातली औषधं : तुमचा अनुभव लिहा

आई ८४ वर्षांची आहे. थंडीत तिच्या टाचा इतक्या फुटतात की चादरीला रक्ताचे डाग पडतात. परवा माळ्यावरची तांब्याची परात काढली आणि तिनेच शिकवलेलं शतधौत घृत करायला बसले. पाव किलो गाईचं तूप, वर गार पाणी, आणि तळहाताने फेटत राहायचं. पाणी गढूळ झालं की ओतायचं, नवं घ्यायचं. असं शंभरदा. मोजायची आईची रीत म्हणजे ज्वारीचे शंभर दाणे. एक धुणं झालं की एक दाणा पलीकडच्या वाटीत. हळूहळू तुपाचा रवाळपणा मोडतो, पिवळा रंग उतरतो, आणि शेवटी लोण्यासारखं पांढरंशुभ्र मलम हाताला लागतं.

दूध-तुपापासून गोमूत्र-शेणापर्यंत आपापल्या घरी काय वापरलं ते लिहा. गुण आला असेल तर लिहाच. अपाय झाला असेल तर आधी लिहा.

सोलापूरहून
उन्हाळा लागला की धाकट्याचा घोळणा फुटायचा. नाक आतून कोरडं पडतं, असं डॉक्टर म्हणाले. तेव्हापासून झोपताना करंगळीने नाकपुडीला आतून तूप लावते. यंदा एकदाच रक्त आलं.

रत्नागिरीहून
आमच्याकडे भेगांना कोकमाचं मुठेल, म्हणजे कोकमाच्या बियांचं थिजलेलं तेल. शतधौत घृत मात्र कुकरची वाफ मनगटावर आली तेव्हा कामी आलं. आधी हात २० मिनिटं नळाखाली धरला होता, हे विसरू नका. घृत दुसऱ्या दिवशी, आग थांबल्यावर, आणि फोड फुटलेला नव्हता म्हणूनच लावलं.

पुण्याहून, वैद्य
गोमूत्र म्हणजे सकाळी ग्लासभर पिण्याची वस्तू, असा समज पसरलाय. आमच्या शास्त्रात त्याचं मोठं काम शोधनाचं. बचनागासारखं विष गोमूत्रात भिजवून शुद्ध केल्याशिवाय औषधात घेत नाहीत. हिरडा गोमूत्रात भिजवून मूळव्याधीवर देतात. पंचगव्य घृत चरकसंहितेत अपस्मारावर सांगितलंय; त्यात दूध, दही, तूप, गोमूत्र आणि शेणाचा रस असतो. मी ते देतो, पण आकडीच्या रुग्णाची चालू गोळी कधीही बंद करायला सांगत नाही.

लातूर जिल्ह्यातून
वरचं वाचून लिहायला बसलो. माझ्या भावाला लहानपणापासून आकडी. गोळ्यांवर चार वर्षं एकदाही आली नव्हती. कुणीतरी पंचगव्याचं औषध दिलं आणि ‘आता गोळ्यांची गरज नाही’ असं सांगितलं. घरात सगळ्यांना बरं वाटलं, मलाही. गोळ्यांचा खर्च मीच करत होतो. अकराव्या दिवशी तो विहिरीच्या कठड्याजवळ पडला. दोन हात पलीकडे पडला असता तर आत गेला असता. गोळ्या त्याच रात्री परत सुरू केल्या. ते घृत वाईट होतं असं मी म्हणत नाही. गोळी थांबवा म्हणणारा माणूस पुन्हा दारात आला नाही.

भंडाऱ्याहून, निवृत्त परिचारिका
मी नोकरीला लागले तेव्हा खेड्यांत बाळाच्या कापलेल्या नाळेवर शेण लावायचे. चार-पाच दिवसांनी बाळ दूध ओढेनासं व्हायचं, मग जबडा बसायचा, अंग धनुष्यासारखं ताणायचं. शेणात धनुर्वाताचे जंतू असतात. आईला टोचलेली लस, स्वच्छ पातं आणि कोरडी नाळ, एवढ्यावर २०१५ साली नवजात बाळांच्या धनुर्वाताचं निर्मूलन झाल्याचं भारतात जाहीर झालं. मी मांडीवर घेतलेली तीन बाळं त्याआधीची. शेणाने अंगण सारवा, खत करा, पण जखमेला लावू नका.

नाशिकहून
साखरेसाठी तीन महिने गोमूत्र अर्क घेतला. गोळ्या चालूच होत्या. साखर होती तिथेच राहिली.

बेळगावहून
ताजं गोमूत्र पिणाऱ्यांसाठी : बरेलीजवळच्या इज्जतनगरच्या पशुवैद्यक संशोधन संस्थेतल्या तपासणीत निरोगी जनावरांच्या मूत्रातही अपायकारक जिवाणू सापडले होते. ही बातमी २०२३ मधली. आम्ही गाई पाळतो, त्यांच्यावर जीव आहे, तरी ताजं पीत नाही. ताक मात्र रोज, जिरं आणि सैंधव घालून. बाबांचा मूळव्याधीचा त्रास त्याने पुष्कळ कमी झाला.

टोरांटोहून
इथल्या हिवाळ्यात मुलीच्या कोपरांची कातडी सोलवटते. बिनमिठाचं लोणी कढवून तूप केलं, तांब्याचं भांडं आईने सामानातून पाठवलं. डॉक्टरांच्या मलमासोबत लावते. मलम कमी लागतंय.

मीच, धागा काढणारी
लातूरच्या दादा, भाऊ आता कसा आहे ते सवडीने लिहा.

आमचं घृत तयार झालं. शेवटचे दहा दाणे आईने स्वतः मोजले. सहा रात्री तिच्या टाचांना लावून वर सुती मोजे घालतेय. रक्त थांबलंय. डाव्या टाचेची मोठी भेग अजून उघडीच आहे.