मदत हवी आहे: सोन्याचे नॅनोकण धुतल्यावर जांभळे पडतात

एमएस्सीच्या प्रास्ताविक प्रात्यक्षिकासाठी टर्केविच पद्धत (सोन्याच्या क्षारापासून सायट्रेटने नॅनोकण बनवण्याची) वापरतोय. १ मिलिमोलर क्लोरोऑरिक आम्ल २० मिली, खळखळून उकळत असताना १ टक्का ट्रायसोडियम सायट्रेट २ मिली एकदम. काचसामान आम्लराजाने धुतलेलं. रंग माणकासारखा लाल, शोषणशिखर ५२० नॅनोमीटरला. इथवर उत्तम.

पण १२,००० जी वेगाने अर्धा तास सेंट्रिफ्यूज करून तळाचे कण निव्वळ पाण्यात सोडले की द्रावण जांभळं, ६५० जवळ फुगवटा. कणांना एकमेकांपासून दूर ठेवणारं सायट्रेट निघून गेल्याने गठ्ठे होत असावेत. २ मिलिमोलर सायट्रेटमध्ये सोडणं पुरेल, की वेगही उतरवावा? त्याऐवजी डायलिसिस (पातळ पडद्यातून धुणं) बरं पडेल का?

पीव्हीपी (कणांवर थर देऊन गठ्ठे रोखणारा पॉलिमर) कृपया सुचवू नका. नंतर मीठ घालून रंगबदल दाखवायचाय, आणि पीव्हीपी तोच अडवतं.